निम्मा भोपळा

उपकारस्तुतीच्या रविवारी निपाणीच्या आमच्या चर्चमध्ये वेदीपुढं भाजीपाल्याचा ढीग लागतो. हंगामाचं पहिलं फळ देवाला वाहायचं आणि भक्ती संपली की व्हरांड्यात त्याचा लिलाव करायचा, अशी रीत आहे. परका माणूस तो ढीग पाहून म्हणेल, काय सुपीक मुलूख! पण आमच्या मंडळीतले निम्मे शेतकरी लावतात तंबाखू. त्यामुळं शनिवारी संध्याकाळी बाजारातून भोपळा विकत आणायचा आणि रविवारी तो आपल्या रानातला म्हणून देवापुढं ठेवायचा, ही दुसरी रीत. देवाला सगळं दिसतं असं आम्ही मोठ्या आवाजात गातो. भोपळ्यापुरते तो डोळे मिटून घेतो, असं धरून चालतो.

माझे वडील, म्हणजे आप्पा, वर्षानुवर्षं हेच करत. वर लिलावात आपलाच भोपळा परत घेत, कारण बोली लागली नाही तर बरं दिसणार नाही. मग आठवडाभर घरात भोपळाच. आई म्हणायची, "बाजारातनं सरळ घरी आणला असता तर काय बिघडलं असतं?"

"आशीर्वादाचा हाय," आप्पा म्हणत आणि आणखी वाढून घेत.

आप्पांची श्रद्धा ही अशी. रानातली मोटर सुरू झाली तर देवाचे आभार, नाही झाली तर दुरुस्तीवाला लवकर आला म्हणून आभार. मी बेळगावात शाळेत विज्ञान शिकवते. चर्चला जाते, पण या हिशेबाला मला हसू यायचं.

उघड हसायचे ते काका. आप्पांचे बालमित्र, बँकेतून साहेब म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या आणि आमच्या पणज्या एकाच विहिरीपासून लांब उभ्या राहून कुणी पाणी घालतंय का याची वाट बघायच्या. पुढं आमच्या घरानं ख्रिस्त धरला, त्यांच्या घरानं बुद्ध. काकांच्या मते त्यांनी विचार करून धरला आणि आम्ही घाईनं. रोज संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर चहा पीत ते देव नसल्याचं सिद्ध करायचे. आप्पा सगळं ऐकून घेत आणि विचारत, "साखर घालू का आणखी?"

काही वर्षांपूर्वी मी सुट्टीला घरी होते. आप्पा बाजारातून भला मोठा भोपळा घेऊन आले. काका कट्ट्यावर होतेच.

"लई मोठा गावला की रं यंदा. कुठल्या रानातला?"

"बाजारातला."

"मग आभार भाजीवाल्याचं मान की. देवानं तुला दिली तंबाखू, आणि तू त्याला दावतोस दुसऱ्याचा भोपळा. एक तर तुझा देव फसतोय, न्हायतर तू फसवतोयस. काय ते सांग."

काका हसले. मीही हसले. आप्पा हसले नाहीत.

सकाळी त्यांनी भोपळा घरीच ठेवला. घरात राखलेल्या तंबाखूच्या पानांची एक जुडी धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात बांधली आणि चर्चला निघाले. आमचे पाळक भले माणूस, पण दारातच अडवून म्हणाले, "आप्पा, व्यसनाची वस्तू वेदीवर कशी ठेवायची?"

"पर गेल्या महिन्यात तंबाखूच्या पैशाचा दशांश दिला, त्यो घेतला की तुम्ही."

हा मुद्दा समितीपुढं ठेवू, असं पाळक म्हणाले. समितीला अजून वेळ मिळालेला नाही. दानाची थैली मात्र दर रविवारी वेळेवर फिरते.

आप्पा जुडी घेऊन परत आले आणि चर्चला जायचे थांबले. भांडण नाही, रुसवा नाही. कुणी विचारलं तर गुडघा दुखतो म्हणायचे. गुडघा खरोखरच दुखत होता, पण तो आधीही दुखायचा. जेवायला बसले की डोळे न मिटता भाकरी मोडायचे. फोनवर पूर्वी म्हणायचे, "देवाच्या दयेनं बरं हाय." आता नुसतं "बरं हाय." त्या देवाच्या दयेला मी इतकी वर्षं हसत आले होते, आणि ती गेल्यावर मला भीती वाटायला लागली. आप्पा घरात होते, पण मी त्यांना गमावत होते.

काकांनी खरं तर पेढे वाटायला हवे होते. पण झालं भलतंच. त्यांनी एका संध्याकाळी देवावर जोरदार टीका केली, तर आप्पा म्हणाले, "आसंल." दुसऱ्या संध्याकाळी म्हणाले, "खरं हाय तुझं." काका अर्धा चहा टाकून उठले आणि त्यांनी थेट मला बेळगावला फोन लावला.

"अगं, तुझ्या बापाला दवाखान्यात दावा कुठंतरी. माझं म्हणणं पटाय लागलंय त्याला!"

मिरगाच्या तोंडाला काका भोपळ्याच्या बियांची पुडी घेऊन कट्ट्यावर हजर झाले. "बांधावर लाव. तुझ्या रानातला भोपळा घिऊन जा आणि मिटव एकदा."

"देव न्हाय म्हणतोस आणि बी देतोस व्हय?"

"देव न्हायच. पर तू बी न्हाईस आलीकडं."

आप्पांनी पुडी घेतली. पावसानं ओढ दिली तेव्हा दोघंही पाणी घालायला लागले. काका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बादली घेऊन, बँकेत कधी केली नसेल अशी मेहनत करत होते. वेल बांधभर पसरली, फुलं रग्गड आली, आणि धरलं एकच फळ. नारळाएवढं, तेही वाकडं.

त्या वर्षीच्या उपकारस्तुतीला मी बेळगावहून आले होते. रविवारी काकांनी आप्पांना मोटरसायकलवरून चर्चला आणलं आणि स्वतः फाटकातच उभे राहिले. "मी काय आत येणार न्हाय. आणि ऐक. निम्मं पाणी मी घातलंय. म्हणजे निम्मा भोपळा माझा. माझ्या निम्म्याचं आभार मानायचं न्हाईत, सांगून ठिवतो."

"बरं," आप्पा म्हणाले.

आत वेदीपुढं मोठमोठे भोपळे होते. काहींवर बाजारातली खडूची खूण तशीच होती. त्यातल्या सगळ्यांत मोठ्यावर हात ठेवून पाळकांनी देवानं किती भरभरून दिलं ते सांगितलं. आप्पांचा भोपळा सारखा लवंडत होता, म्हणून त्याला मी दोन काकड्यांचा टेकू दिला. आप्पांनी डोळे मिटले आणि सगळ्यांचं आमेन होऊन गेलं तरी उघडले नाहीत.

लिलावात तो भोपळा वर धरला तेव्हा लोक हसले. "ओंदु... एरडु..." अशी कानडीत एक-दोन मोजणी सुरू झाली. सवयीनं सगळ्यांनी आप्पांकडं पाहिलं, पण त्यांनी हात वर केला नाही.

मी विचारलं, "घेऊ का मी?"

"न्हाय. दिलेलं परत घेत न्हाईत."

शेवटी खानावळ चालवणाऱ्या एका बाईंनी कोथिंबिरीच्या पेंडीबरोबर तो उचलला. आठवडाभराच्या भोपळ्यातून सुटलेल्या आईनं त्या दिवशी मनापासून आभार मानले.

फाटकात काका वाटच बघत होते. "माझा निम्मा वगळलास न्हवं?"

आप्पांनी त्यांच्या खांद्याचा आधार घेऊन दुखरा पाय गाडीवरून पलीकडं टाकला. नीट बसले. मग म्हणाले, "न्हाय जमलं. पैलं तुझ्याच निम्म्याचं मानलं. सगळा येळ त्यातच गेला बघ."

गाडीची किल्ली शोधत काकांनी सगळे खिसे चाचपले. किल्ली गाडीलाच होती. मला दिसत होती, पण मी त्यांना शोधू दिलं. अखेर त्यांना ती सापडली आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली.

"बॅटरी नवी हाय," काका मान न वळवता म्हणाले. "हेचं आभार मानू नको."

"मानून झालं," आप्पा मागून म्हणाले.