नऊशे सत्त्याण्णव माणसं

मामाजी लग्नाच्या मांडवात माणसं मोजायचे, आणि आकडा मनासारखा आला नाही तर कुणाला तरी घरी पाठवायचे. मनासारखा म्हणजे मूळ संख्या, जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही.

आईचे हे थोरले भाऊ तळ्यात मासेमारी करत. जाळं निघालं की माशांचे सारखे वाटे पाडणं त्यांच्याकडे असे. त्यांचं गाव धरणात गेलं तेव्हा एकशे वीस घरं तीन ठिकाणी वसली, चाळीस-चाळीस. "एकशे सत्तावीस असते त कोणाच्या बापाच्यानं वाटे पडले नसते," ते म्हणत. हे ते गमतीनं म्हणत नसत. लग्नं फुटू नयेत म्हणून मोजणं तेव्हापासूनचं.

मी इंग्रजी शाळेतली, अबोल. "तू बोलत नाईस, म्हून तुयावर भरोसा हाय," म्हणून आकडे तपासायला ते मला देत. ताईच्या लग्नासाठी त्यांनी हजाराच्या आतली सगळ्यात मोठी मूळ संख्या काढली, नऊशे सत्त्याण्णव. एकतीसपर्यंत भाग देऊन पाहिलं तरी पुरतं, असं मी सांगितल्यावर ते चिडले. "पह्यले काहून नाई सांगतलं? मी नऊशे शहाण्णवपर्यंत गेलतो!"

अड्याळला, लग्न लागायच्या अर्धा तास आधी, मोजणी जुळली. मामाजी खुर्चीवर चढून ओरडले, "मूळ निघालं! पोरीचं मूळ निघालं!"

मूळ नक्षत्राची सून सासऱ्याच्या मुळावर येते, असं मानणारी ती माणसं. नवरदेवाचे काका उठलेच. "पोरगी मुळावरची हाय अन् तुमी लपवून ठेवलं?" त्यांच्यामागे अख्खं वऱ्हाड उठलं. ताई रडायला लागली. आईनं माझ्या हातात माईक कोंबला.

"ते नक्षत्राचं मूळ नाही," मी म्हणाले. "नऊशे सत्त्याण्णव. त्याला दोननं भाग जात नाही. तीननं जात नाही. पाचनं..." कुणी थांबवलं नाही, म्हणून मी सांगतच राहिले. तेवीसला भटजी मान डोलवू लागले. एकतीसला वऱ्हाड खाली बसलं.

"म्हंजे हे लगन फुटत नाई, असंच ना?" नवरदेवाचे वडील दारातून हसत म्हणाले. "मंग मले मोजलं काय? मी गाडी लावाले गेलतो."

नऊशे अठ्ठ्याण्णव. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांनी दुपट्टा खांद्यावर टाकला आणि मांडवाबाहेर गेले.

लग्न लागलं. पंगत बसली तेव्हा मी पान वाढून बाहेर नेलं. ते कडुलिंबाखाली बसले होते.

"तू इकडं आलीस त आत किती उरले?"

"नऊशे शहाण्णव."

"अवं, मंग जा ना आत! ताईचं वाटोळं करतं काय?" मी वळले तसं त्यांनी हळूच विचारलं, "अन् मी येथं एकटाच. एक बी मूळच असन ना?"

गणितात एकाला मूळ संख्या धरत नाहीत.

"हो, मामाजी," मी म्हणाले. ते समाधानानं जेवायला लागले. त्याच वर्षी हिवाळ्यात ते गेले.