शाकाहारी डॉक्टर आणि कोंबडीचे पंख

मी आयुष्यात केलेला सगळ्यात मोठा गाढवपणा ऐकायचाय? ऐका, पण मध्ये हसू नका. हसणारे घरात आहेतच.

आमच्या हिच्या मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगा आलाय, असं निघालं. फुटला तर खेळ खलास! सोमवारी ऑपरेशन ठरलं. सर्जन फक्त मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे. आमच्या कचेरीत आवक-जावकचा वेगळा कारकून असे, तसे. पण सर्जन कसला, पोरगाच! त्याच्याहून माझी छत्री जुनी. तीस वर्षं लोकांचे दाखले तपासलेला मी, बायकोचं डोकं असं कुणालाही उघडू देईन?

चौकशी लावली. साहेब कामोठ्यातच, आमच्या मागच्या सोसायटीत राहतात. त्यांच्या बिल्डिंगखालच्या चिकनवाल्याला गाठलं.

"रोज चार पंख नेतात," तो म्हणाला. "तंगडी कदी नाय घेतली."

"पंखच आवडत असतील."

"अवो काका, डाक्टर शाकाहारी हायेत! जेवन डब्याचं येतं, त्यात अंडं पन नसतं."

आता तुम्हीच सांगा, शाकाहारी माणूस रोज चार कच्चे पंख नेऊन करतो काय? उतारा? करणी? मी आपलं नुसतं विचारतोय!

घरी येऊन जाहीर केलं, "ऑपरेशन रद्द! दुसरा डॉक्टर बघू."

"अहो, आणि तोवर थांब म्हणून फुग्याला तुम्ही पत्र लिहिणार का?" हिने विचारलं.

बायकांना गांभीर्य नसतं. संध्याकाळी तडक डॉक्टरांच्या दारात उभा. रंगेहाथ पकडायचं! दार उघडलं, तर टेबलावर मायक्रोस्कोप आणि त्याखाली पंख. आतली शीर मोकळी केलेली, तिला केसाहून बारीक दोऱ्याचे टाके.

"सराव करतोय, काका. मेंदूतल्या रक्तवाहिन्याही अशाच नाजूक असतात."

"म्हणजे तुम्ही अजून शिकताय?" मी गरजलो. सापडला चोर!

"रोज शिकतो," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "ज्या दिवशी थांबेन, त्या दिवशी घाबरा. बसा, एक टाका घालून बघा."

बसलो. आधी सुईच दिसेना. दिसली तेव्हा हात हलला आणि शीर टर्रकन फाटली.

"गेला पेशंट," डॉक्टर म्हणाले.

मी चपला घातल्या. सोमवारच्या ऑपरेशनच्या संमतीपत्रावर मुकाट्याने सही केली.

ऑपरेशन झालं. हिने डोळे उघडले. डोकं ठिकाणावर आहे ना, हे बघायला डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "काकू, हे कोण?"

ही माझ्याकडे बघतच राहिली. मी चेहरा आणखी पुढे केला!

"नवरा आहेत म्हणे," ही पुटपुटली. "पण डॉक्टर, तुम्ही एकदा खात्री करून घ्या."

डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं: पेशंट पूर्ण भानावर.