दीर्घिकेच्या मध्यात काय दिसतं

दुष्काळात गाव सुटलं. शाळा त्याआधीच, सातवीत सुटलेली. किनवटाकडून संभाजीनगरला आले आणि पुंडलिकनगरातल्या एका निवृत्त प्राध्यापकबाईंनी मला स्वयंपाकाला ठेवून घेतलं. निजायला जागाही दिली. ते उपकार फिटायचे नाहीत. तरी सुरुवातीला जीव धास्तावलेला, कारण बाई माझ्याकडं कधी सरळ बघायच्या नाहीत. बोलणं माझ्याशी, तोंड मात्र खिडकीकडं. वाटायचं, आपण काही त्यांना पसंत नाय.

एकदा हिय्या करून विचारलंच. त्या हसल्या. "अगं, माझ्या डोळ्यांचं मधलं गेलंय. सरळ बघितलं की तुझ्या जागी नुसता डाग. तिकडं बघितलं की कडेनं तू दिसतेस."

आणि बाईंनी जन्मभर अभ्यास केला तो मध्याचाच. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं एक गाव; बाईंच्या अभ्यासातल्या दीर्घिका अंड्यासारख्या, लांबट गोल. जमिनीवरून त्यांचा मध्य धूसर दिसतो, अंतराळातल्या दुर्बिणींनी तो उघडा केला. अशाच एका दीर्घिकेचं नवं चित्र यायचं होतं. "तेवढं कडेनं का होईना, बघू दे," म्हणायच्या.

चित्र लांबत गेलं. पाण्याचा टँकरही लांबायचा. मागच्या शेतात इमारती उठत होत्या, घरभर धूळ. बाईंचं कडेचं दिसणंही आकसत चाललं.

एका दुपारी चित्र आलं. मी लॅपटॉपवर फडका फिरवला, पुन्हा फिरवला.

"काय करतेस?"

"धूळ बसलीय बाई. निघंना."

"बरोबर मध्यात?"

"व्हय."

"राहू दे बये. ती तिथलीच धूळ आहे. भोवतीचा उजेड कसाय? टोकदार की पसरट?"

मी वाकून बघितलं. चुकलं तर? "पसरट. पिठाचा ढीग वरून तळहातानं दाबावा तसा."

बाई खुलल्या. "दोन मोठ्या दीर्घिका एक झाल्या की दोघींची कृष्णविवरं मध्यात एकमेकांभोवती फिरतात, जवळचे तारे बाहेर भिरकावतात. म्हणून मध्य असा विरळ."

"ते तारे परत येत्यात का मध्यात?"

"नाही गं."

मला गावाकडचं आईचं अंगण आठवलं, आता तेही रिकामंच. तेवढ्यात स्क्रीन आपोआप काळी पडली. ती चालू करायला मी हात पुढं केला.

"थांब, हलवू नकोस," बाई म्हणाल्या. "आत्ता दिसतंय मला थोडं. उजवीकडं उजेड जास्त आहे, हो ना?"

मी हात मागं घेतला.

"व्हय बाई. उजवीकडंच."