तारखेला पाच शब्द

"आधी वाचू द्या," असं म्हणून ती पदराला हात पुसायची आणि मगच कागद घ्यायची. कागद कोणताही असो. एसटीचं तिकीट, बियाण्याचं पाकीट, फवारणीच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, लग्नाची पत्रिका. पत्रिका तर ती गणपतीपासून सुरू करून थेट खाली छापखान्याच्या नावापर्यंत न्यायची. मी एकदा म्हटलं, "अवं, जेवायला जायचं आहे, छापखान्यात नाही."

"छापनारा कोन थे माहीत पाहजे ना ताई. उद्या म्हनलं का आमी नाही छापली, तं?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना संशयी म्हणतो आणि मागे हसतो. मीही हसायचे. फक्त हा संशय तिला कुठून लागला, हे मला इतरांपेक्षा जास्त माहीत होतं. तो माझ्याच टेबलावर लागला होता.

मी मंगरूळपीरला कागद टाइप करते. कोर्टाजवळ एका वकीलसाहेबांचा ओटा आहे. त्यावर माझं टेबल, संगणक, प्रिंटर आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाकडं. खरेदीखत, बक्षीसपत्र, प्रतिज्ञापत्र, हक्कसोडपत्र. मजकूर ठरलेला असतो, नावं आणि गट नंबर तेवढे बदलायचे. शेवटी खाली उजवीकडे टाइप करणाऱ्याचं नाव येतं. ते माझं.

हक्कसोडपत्र म्हणजे काय, ते सांगते. बापाच्या जमिनीत मुलीचा हिस्सा असतो आणि आमच्याकडे बहिणी तो भावाच्या नावे सोडून देतात. त्या बदल्यात भाऊ साडी-चोळी करतो. जी सोडत नाही तिचं माहेर तुटतं, म्हणून बहुतेकजणी सोडतात. यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. मीही माझा सोडला आहे.

ती पहिल्यांदा माझ्या टेबलापाशी आली तेव्हा तिचा धाकटा भाऊ सोबत होता. वडील नुकतेच गेले होते. नवरा वारल्यापासून ती माहेरीच होती आणि गावाला लागून असलेला वडिलांचा विहिरीचा मळा तीच करत होती. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. आठवडी बाजारात स्वतः बसून विकायची. बोटांची टोकं कायम हिरवट काळी. दहावीपर्यंत शिकलेली, म्हणजे वाचायला येत होतं. तिने वाचलं नाही.

"वारसाची नोंद करा लागते, इथी सही मार," भाऊ म्हणाला. मग पिशवीतून जांभळी साडी काढून त्याने तिच्या मांडीवर ठेवली. "अन् हे घे. भाऊबिजेची."

"भाऊबीज तं दोन महिने हाये रे!"

"तवा दुकानात गर्दी राह्यते."

ती हसली. साडीची घडी न मोडता काठावरून हात फिरवला आणि दाखवलं तिथे तिथे सही केली. माझ्या पडद्यावर वर ठळक अक्षरांत हक्कसोडपत्र लिहिलेलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. नोंदणी कचेरीत तिथल्या साहेबांनी विचारलं, मान्य आहे का. ती म्हणाली, "हाव."

वर्षभराने भावाने मळा खाली करायला सांगितला. तिथे प्लॉट पडणार होते. तेव्हा कुठे तिने नक्कल काढली आणि माझ्या बाकड्यावर बसून पहिल्यांदा तो कागद वाचला. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा वरून वाचला. मग नख माझ्या नावाखाली ठेवलं.

"हे तुमीच ना?"

"हो."

"मंग तुमाले ठाऊक व्हतं."

"मला वाटलं, तुला ठाऊक आहे. तू वाचायचं होतं ना, बाई."

"भावाचा कागद कोन वाचते वं ताई? कडेवर खेळवला म्या त्याले."

त्या दिवसापासून ती सगळं वाचू लागली.

दावा दाखल झाला. फसवून सही घेतली, कागद रद्द करावा, हिस्सा मिळावा. तिचा वकील तरुण होता, बरा होता. भावाचे वकील होते माझ्या ओट्याचे मालक. त्यांनी दाव्याचं लेखी उत्तर इंग्रजीत दिलं आणि ती पुन्हा अडली.

"बाई, मी सांगतो ना त्यात काय आहे," तिचा वकील म्हणाला.

"सांगनारा भाऊ बी व्हता," ती म्हणाली. "आधी वाचू द्या."

माझ्या प्रिंटरचा एक पाय आखूड आहे. त्याखाली तेव्हा एक जाड इंग्रजी कादंबरी होती, कुणाच्या तरी रद्दीतून आलेली. मुखपृष्ठावर न्यायाधीश, पिंजरा आणि पिंजऱ्यात हात वर केलेली बाई. तिने वाकून पाहिलं.

"हे कोर्टाचं पुस्तक हाये का?"

"खुनाचं आहे. पण सगळं कोर्टातच घडतं."

"देता का?"

मी पुस्तक ओढून दिलं आणि पायाखाली फरशीचा तुकडा सरकवला. प्रिंटर तेव्हापासून जरा डुगडुगतो.

तिने एसटी स्टँडवरून खिशात मावेल असा शब्दकोश विकत घेतला आणि एक दोनशे पानी वही. नेम असा ठरवला की एका तारखेला पाच शब्द. तारीख पडायची, पुकारा व्हायचा, पुढची तारीख मिळायची आणि ती बाकड्यावर येऊन पाच शब्द करायची. कमी नाही, जास्त नाही. एखाद्या वेळी न्यायाधीश रजेवर असले की लोक चिडायचे, ही वही उघडायची. दावा किती वर्षं चालला, हे मी तारखांवरून सांगू शकत नाही. तिच्या वहीवरून सांगते. दोनशेच्या वर शब्द झाले होते.

वहीत तिने तीन रकाने आखले होते. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात उच्चार, तिसऱ्यात अर्थ. अर्थाच्या शेवटी न चुकता 'जसं' असायचं आणि पुढे उदाहरण. उदाहरणं पुस्तकातली नाहीत, घरची.

मोटिव्ह: हेतू. जसं, विहीर.

सस्पेक्ट: ज्याच्यावर संशय तो. जसं, धाकटा.

अलिबी: मी तिथी नव्हतोच असं म्हणणं. जसं, वहिनी.

मी वाचून हसले तर म्हणाली, "हसता काय? खोटं हाये का?"

तिची इंग्रजी अशी एकाच अंगाने वाढली. विष, वार, शपथ, उलटतपासणी सगळं येत होतं. बाजारात एका मास्तरणीने वांगी निवडता निवडता थट्टेने विचारलं, "वांग्याला इंग्रजीत काय म्हणतात गं?" ही म्हणाली, "थे माह्या पुस्तकात नाही. गळा दाबायले काय म्हनते थे इचारा." मास्तरणीने वांगी परत ठेवली.

पुस्तकात एक मोलकरीण होती. तिने खून करणाऱ्याला पाहिलेलं असतं, पण मालकाच्या भीतीने ती गप्प राहते आणि निरपराध माणूस पिंजऱ्यात उभा असतो. तारीख तारीख करत वाचणाऱ्या बाईला ती मोलकरीण काही वर्षं गप्प दिसत होती. तिचा जीव जायचा.

"बोलत काहून नाही हे? तोंडात काय मूग हायेत?"

"नोकरी जाईल तिची," मी म्हणायचे.

"अन् त्याची मान जाईल, त्याचं?"

मी टाइप करत राहायचे. ती कधी माझ्याकडे रोखून पाहायची नाही. टोमणा मारायचा तिचा स्वभाव नव्हता, आणि त्यामुळेच ते मला जास्त लागायचं.

एकदा वहीत शब्द आला, हॉस्टाइल विटनेस. अर्थ तिने आपल्या वकिलाला विचारून लिहिला: आपण बोलावलेला साक्षीदार उलटतो तो. जसं. पुढे जागा सोडली.

"इथी काय लिहू? असं कोनी माह्या पाह्यन्यात नाही."

"राहू दे कोरं," मी म्हटलं.

तिच्या साक्षीचा दिवस आला तेव्हा ती पिशवी घेऊन आली. पिशवीत जांभळी साडी, दुकानाच्या चिठ्ठीसकट, घडी न मोडलेली. पुस्तकात वकील रक्ताचा रुमाल काढून टेबलावर ठेवतो आणि सगळं कोर्ट श्वास रोखतं. ते प्रकरण तिला तोंडपाठ होतं. तिचा वकील म्हणाला, बाई, साडी काढू नका, तिचा काही उपयोग नाही. तिने ऐकलं नाही. साडी खोटी बोलणार नाही, असं तिचं म्हणणं.

मी दाराशी उभी राहून पाहत होते. तिने पिंजऱ्यात साडी वर धरली. ओट्यावरचे वकील उठले. आवाज अगदी गोड.

"बाई, ही साडी भावाने त्याच दिवशी दिली?"

"हाव."

"घेतली?"

"घेतली."

"परत केली?"

"नाही."

"आपल्याकडे बहिणीने हक्क सोडला की भाऊ काय देतो?"

तिने साडी खाली घेतली. वकिलांनी पुन्हा विचारलं.

"साडी-चोळी," ती म्हणाली.

मागे कुणीतरी हसलं. साडीवर पुराव्याचा नंबर पडला आणि ती कागदांसोबत आत गेली. आपला पुरावा तिने स्वतःच्या हाताने भावाला दिला होता. बाहेर आल्यावर तिने पाच शब्द केले नाहीत. बाकड्यावर बसून पुस्तक उघडलं आणि बस सुटेपर्यंत वाचत राहिली, शब्दकोश न उघडता.

पुढच्या तारखेला ती लांबूनच हात हलवत आली. इतकी खूश मी तिला त्याआधी पाहिली नव्हती.

"बोलली वं ताई! मोलकरीन बोलली! शेवटच्या दिवशी उभी राह्यली अन् भडाभडा सारं सांगून टाकलं."

"संपलं का पुस्तक?"

"संपलं." मग बाकड्यावर टेकली आणि पदराने तोंड पुसलं. "ताई, थो भाऊबिजेची म्हनला व्हता. तुमी ऐकलं. वारसाची नोंद म्हनला थे बी ऐकलं. कागदावर तुमचं नाव हाये, समन्स तुमालेच येईन. सांगसान ना?"

"समन्स येऊ दे," मी म्हटलं.

याला तिने होकार समजला. कुणीही समजलं असतं.

समन्स आलं. त्याच दुपारी वकीलसाहेब खुर्चीतूनच म्हणाले, "बाई, दिवसाला इतके कागद करता तुम्ही. एखादा आठवतो तरी का?" यापलीकडे एक शब्द नाही. ओट्याचं नाव काढलं नाही, टेबलाचं काढलं नाही. काढायची गरज नव्हती. घरात कमावणारी मी एकटी, आणि कोर्टाजवळ दुसरा ओटा नाही. हे मी कारण म्हणून सांगते आहे, सबब म्हणून नाही. फरक तुम्ही ठरवा.

पिंजऱ्यात मी शपथ घेतली. तिच्या वकिलाने कागद दाखवला. हे टाइप केलेलं तुमचं? माझं. सही करताना बहीण-भावात काय बोलणं झालं?

"रोज खूप कागद होतात," मी म्हटलं. "आठवत नाही."

त्याने तीन वेळा तीन तऱ्हांनी विचारलं. मी तीनदा तेच सांगितलं. ती पहिल्या बाकावर होती. रडली नाही, डोळेही वटारले नाहीत. कागद वाचायची ना, वरपासून खालपर्यंत, तसं तिने मला वाचलं.

दावा फेटाळला गेला. समोर जे आलं त्यावर न्यायाधीशांनी ठरवलं; त्यांना दोष देता येणार नाही. जे समोर यायला हवं होतं ते माझ्यापाशी होतं.

त्यानंतर ती एकदाच आली. टेबलावर पुस्तक ठेवलं, त्यावर वही ठेवली.

"पुस्तक तुमचं हाये, मॅडम."

इतकी वर्षं मी ताई होते.

"वही तरी ने," मी म्हटलं.

"आता तारीख नाही. शब्द कायले लागते?"

अपील करता येतं, असं मी तिला सांगायला लागले. मुदत किती, कागद कोणते लागतात. माझ्याच तोंडून ते कसं ऐकू येतंय, हे कळायला मला जरा वेळ लागला. ती ऐकून घेत उभी राहिली. मी थांबल्यावर गेली.

मळ्यात आता सिमेंटचे खांब रोवले आहेत आणि विहीर बुजवली आहे. ती केनवडकडे कुणाच्या तरी भाजीच्या वावरात रोजाने जाते, असं बाजारातल्या बायकांकडून कळलं. नेमकं कुठे, ते मी विचारलं नाही.

हक्कसोडपत्रं येतच असतात. मागच्या आठवड्यात एक पोरगी दोन भावांच्या मध्ये बसली होती, मांडीवर पिशवी. पिशवीतून साडीचा काठ दिसत होता. "कुठे करू सही?" तिने विचारलं. मी बोट ठेवून दाखवलं. इथे, आणि इथे.

पुस्तक परत प्रिंटरच्या पायाखाली गेलं आहे. वही ड्रॉवरमध्ये, शाईच्या पॅडखाली असते. ते पान मी काढून पाहिलं. हॉस्टाइल विटनेस: आपण बोलावलेला साक्षीदार उलटतो तो. जसं.

पुढे तिने काहीच लिहिलेलं नाही. पेन घेऊन मी दोनदा ते पान उघडलं आहे. रोज कागदा-कागदाखाली, उजव्या कोपऱ्यात, मी माझं नाव घालते. तिथे घातलेलं नाही.