मेलेल्या बापाचं एटीएम कार्ड

नोकरीत माझ्या हातून चुका झाल्या, नाही असं नाही. पण एका दुपारची आठवण झाली की आजही स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते. आता निवृत्त होऊन खारघरला राहतो, सकाळी फिरतो, नातवंडांशी भांडतो, सगळं ठीक आहे. मात्र एखाद्या कचेरीबाहेर प्लास्टिकची फाईल मांडीवर धरून बसलेली बाई दिसली की माझे पाय तिथंच थांबतात. नावं सांगणार नाही. सांगून उपयोगही नाही, कारण असं घर दर गल्लीत एक सापडेल.

तेव्हा मी नवी मुंबईतल्या एका ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. हद्दीत कोपरखैरण्याची दाट वस्ती आणि तिला खेटून एक जुनं गावठाण. एका सोमवारी हजेरी आटोपून चहा घेत होतो, तेवढ्यात गावठाणातला एक गृहस्थ चार माणसं घेऊन केबिनमध्ये आला. गावच्या उत्सव समितीत पुढेपुढे करणारा, बंदोबस्ताच्या वेळी आमच्या शिपायांना पाणी, नाश्ता पुरवणारा. ओळखीचा माणूस म्हणून मी खुर्ची दिली, चहा सांगितला. घोडचूक तिथूनच सुरू झाली.

"साहेब, बापूस जाऊन दीड महिना झाला," तो म्हणाला, "आनि आमच्या भैनीनं त्यांचं खातं साफ केलं. मेल्यावर! एटीएममधून! पिन नंबर तिलाच माहीत हाय."

हकीकत अशी. बापाची शेतजमीन सरकारनं घेतली होती, बदल्यात भूखंड मिळाला होता. त्यावर त्यानं इमारत बांधली आणि खोल्या भाड्यानं दिल्या. भाडं दर महिन्याला त्याच्या बँक खात्यात जमा व्हायचं. म्हातारी आई डायलिसिसवर, आठवड्यातून तीनदा. बापानं मरण्याआधी नोंदणीकृत मृत्युपत्र केलं होतं. आई आहे तोवर भाडं तिच्या औषधपाण्याला, तिच्यामागे मुलगा आणि मुलगी यांना निम्मं निम्मं. आणि हे सगळं पार पाडायला त्यानं मुलीला नेमलं होतं. कायद्यात त्याला निष्पादक म्हणतात, वकील मंडळी एक्झिक्युटर म्हणतात. साध्या भाषेत सांगायचं तर मेलेल्या माणसाचा शब्द पाळण्याची जबाबदारी.

मुलाला डावलून मुलीला! गावात चर्चा व्हायचीच. मलाही, खोटं कशाला बोलू, ते खटकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या बहिणीला बोलावून घेतलं. चाळिशीची बाई, तुर्भ्याच्या एका कारखान्यात हिशेबनीस, लग्न होऊन कोपरखैरण्यात राहणारी. सकाळी अकराला आली, हातात निळी प्लास्टिकची फाईल. मी तिला बाकावर बसवून ठेवलं. मुद्दाम. आमच्या धंद्यातली ती जुनी खोड आहे. माणूस ताटकळला की नरम पडतो असं आम्हाला शिकवलेलं, आणि ते आम्ही चोरावर वापरतो तसंच गरिबावरही वापरतो.

आमच्या ठाण्यातल्या हवालदार बाई दोनदा आत येऊन गेल्या. त्याही खाडीकाठच्याच एका गावच्या. "साहेब, तिच्या आईला दोन वाजता डायलिसिसला न्यायचं हाय. न्यायला दुसरं कोन नाय."

"भाऊ आहे की," मी म्हणालो.

तीन वाजता तिला आत घेतलं. तिनं फाईल पुढे केली. मी ती उघडलीसुद्धा नाही. वर शहाणपण शिकवलं.

"हे बघा ताई, घरची भांडणं ठाण्यात आणू नयेत. भाऊ हक्कसोडपत्र तयार करून बसलाय. सही करून टाका, मृत्युपत्राचं कामही त्याच्याकडे द्या. आईला तो काय वाऱ्यावर सोडणार आहे? तुमचं माहेर राहील, माझी कटकट मिटेल."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. "साहेब, दीड महिना आईच्या डायलिसिसचे पैसे मी भरतेय, पाटल्या गहाण टाकून. भाऊ भाडेकरूंना सांगून बसलाय की भाडं त्याच्या मोबाइलवर पाठवा. मी सही केली तर आई किती दिवस जगेल, ते तुमी लिहून द्या."

"तोंड सांभाळून बोला."

तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. "तुमच्या भैनीनं केली होती का सही?"

मी टेबलावर हात आपटला आणि तिला बाहेर घालवलं. का आपटला, ते तेव्हा मी स्वतःलाही सांगितलं नाही. तिचा फोन वाजत होता, ती तशीच धावत गेली. फाईल टेबलावर राहिली.

संध्याकाळी सहाला हवालदार बाई आल्या. सॅल्यूट नाही, काही नाही. "म्हातारीला दम लागलाय, साहेब. डायलिसिस चुकला ना आज. अतिदक्षता विभागात घेतलंय." मग फाईलवर बोट ठेवून म्हणाल्या, "आता तरी उघडा. माझ्यावर काय कारवाई करायची ती उद्या करा."

उघडली. मृत्यूचा दाखला, मृत्युपत्राची प्रत, बँकेला दिलेलं पत्र आणि त्यावर पोच म्हणून बँकेचा शिक्का. खातं गोठवा, कार्ड बंद करा, मृत व्यक्तीच्या नावे आलेलं भाडं वेगळं ठेवा, असं तिनं स्वतःच लेखी कळवलेलं. खातं साफ करणारी बाई खातं गोठवायला सांगेल होय? ही अक्कल मला बाराखडी शिकलेल्या पोरानं दिली असती. फाईलमध्ये खात्याचा उताराही होता. त्यात एटीएमच्या तीन उचली तिनंच लाल पेनानं अधोरेखित केल्या होत्या. हवालदार बाईंनी सांगितलं, हा उतारा घेऊन तिनं भावाला जाब विचारला होता, आणि चौथ्या दिवशी भाऊ माझ्याकडे चहा प्यायला हजर. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

"पण तिनं बँकेला कळवायला पंधरा दिवस का लावले?" मी अजूनही किल्ला लढवत होतो.

हवालदार बाईंनी कपाळाला हात लावला. "सुतक होतं ना, साहेब! तेराव्यापर्यंत आमच्यात कोन बँकेची पायरी चढत नाय. व्यवहाराचं नाव काढलं तरी म्हातारी मानसं अंगावर येतात. ती गप बसली, इतकीच तिची चूक. कार्ड नि पिनची चिठ्ठी बापाच्या कपाटात, नि कपाटाची चावी भावाकडे." मग त्यांनी उताऱ्यावरच्या तारखा बोटांवर मोजल्या. "बापूस गेला शुक्रवारी. म्हंजे ह्या उचली अकराव्या, बाराव्या नि तेराव्या दिवसाच्या. घरात पाव्हने, दारात मांडव. असल्या दिवशी एटीएमला कोन गेला, ते बघा."

मी दुसऱ्या दिवशी बँकेला पत्र दिलं. फुटेज जुनं होऊन पुसलं जायच्या आत हाती आलं, हे त्या बाईचं नशीब. माझं कर्तृत्व त्यात शून्य.

अकराव्या दिवशीचं चित्र. टोपी आणि मास्क लावलेला पुरुष. चेहरा कळत नव्हता, ओळखू येऊ नये याची काळजी गड्यानं घेतलेली. पण आतला एसी बंद असावा. पैसे मोजताना तो घामाघूम झाला, त्यानं टोपी काढली आणि रुमालानं डोकं पुसलं. डोकं तुळतुळीत, आणि मागे बोटभर शेंडी.

"थांबवा," हवालदार बाई म्हणाल्या. "हे दहाव्याचं डोकं हाय."

आजकाल शेंडी ठेवतं कोण? बापाच्या दहाव्याला खाडीवर डोकं काढतात तेव्हा न्हावी ठेवतो तेवढीच. आदल्या दिवशी बापासाठी केस उतरवले, पिंडाला कावळा शिवावा म्हणून हात जोडले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच डोक्यावर टोपी घालून त्याच बापाच्या खात्यावर डल्ला मारला. मी चाळीसेक खून बघितले असतील, पण त्या चित्रानं जेवढी किळस आली तेवढी क्वचितच आली.

भावाला बोलावलं. तो पुन्हा चार माणसं घेऊन आला. चौघांना बाहेर बसवलं. डोक्यावर त्याच्या महिनाभराचे खुरटे केस. मी आवाज चढवला नाही. चौकशीत आवाजापेक्षा माणसाचा अभिमान जास्त कामाला येतो.

"वडिलांचे दिवस व्यवस्थित झाले ना?"

"गाव जेवलं साहेब! काय कमी केलं नाय."

"दहाव्याला डोकं कुणीकुणी काढलं?"

छाती पुढे आली त्याची. "मी एकट्यानं. एकुलता पोरगा हाय ना मी! चुलत भाऊ बोलले, आमीपन काढतो. मी बोललो, नाय. हक्क माझा हाय."

"म्हणजे त्या दिवसांत घरात तुळतुळीत डोकं आणि शेंडी फक्त तुमची?"

"मग? सांगतो काय!"

हे मी जबाबात त्याच्याच शब्दांत उतरवून घेतलं, वाचून दाखवलं, सही घेतली. मग संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला.

मग त्याचा हात आपोआप स्वतःच्या डोक्यावर गेला. "साहेब," तो हळूच म्हणाला, "बापाचेच पैसे ना? मी काय दुसऱ्याचे घेतले?"

या वाक्यानं माझा तोल गेला. बापाचे होते म्हणूनच तुझे नव्हते रे! बाप गेला त्या क्षणापासून त्या पैशाला एकच मालक होता, बापाचा शेवटचा शब्द. आणि तो शब्द होता, म्हातारीला जगवा. मेलेल्या माणसाजवळची मालमत्ता हडपणं हा कायद्यात वेगळा गुन्हा आहे, हे अजून किती जणांना ठाऊक नाही. घरोघर बापाची चिता विझायच्या आत कार्ड खिशात घालतात आणि त्याला चोरी म्हणत नाहीत. बहीण कागद मागायला लागली की मात्र ती लोभी ठरते.

बहिणीची फिर्याद घेतली, गुन्हा नोंदवला. उचललेली रक्कम आणि दीड महिन्याचं भाडं भावाला मृत्युपत्राच्या कामासाठी उघडलेल्या नव्या खात्यात भरावं लागलं. पाटल्या सुटल्या. म्हातारी वाचली. मी दवाखान्यात गेलो, पलंगाच्या बाजूला उभा राहून त्या बहिणीची माफी मागितली. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "साहेब, फाईल तेवढी परत द्या. शनिवारी वकिलांकडे न्यायचीय."

पण माझं प्रकरण इथं मिटलं नव्हतं. बहिणीनं केली होती का सही, हा तिचा प्रश्न आठवडाभर माझी पाठ सोडत नव्हता. मग रजा टाकून साताऱ्याकडे गावी गेलो, धाकट्या बहिणीच्या घरी. आमच्या वडिलांच्या तेराव्याला तिनंही हक्कसोड केली होती. साडी नेसवली होती तिला आम्ही, गुळाचा खडा हातावर ठेवला होता. मी नव्यानं करून घेतलेला कागद तिच्यापुढे ठेवला. शेतात तिचा वाटा तिच्या नावे, बक्षीस म्हणून नाही, हक्क म्हणून.

"कर सही," मी म्हणालो.

तिनं चष्मा शोधला, कागद उजेडाला धरला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. पानं तीन होती. शेवटी तिनं कागद खाली ठेवला.

"दादा, तवा तू मला वाचू दिलं न्हवतंस," ती म्हणाली. "निस्तं बोट ठेवलंस, हितं सही कर."