बेसमेंटमधली दवंडी

केक कापून झाला होता. सहाव्या मजल्यावरची मोठी कॉन्फरन्स रूम, कागदी प्लेटा, प्लास्टिकचे चमचे. राज्याच्या आरोग्य खात्यात मी नोकरी करतो. कुठलं राज्य ते सांगत नाही, नोकरी अजून आहे. खात्यात काय चाललंय ते खात्यातल्याच माणसांना कळवायचं, हे माझं काम. दर आठवड्याला सगळ्यांना ईमेलनं एक पत्रक जातं, ते मी काढतो. त्या पत्रकाला कसलंसं बक्षीस मिळालं म्हणून केक.

डेप्युटी डायरेक्टरनं ग्लास उचलला. तो मराठी आहे, पुण्याचा. सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. तोंडावर मी त्याला 'सर', 'तुम्ही' असंच म्हणत आलो. इथं लिहिताना 'तो' म्हणणार आहे. तेवढं तरी.

आधी इंग्रजीत माझं कौतुक झालं. टाळ्या झाल्या. मग माझ्याकडं वळून, तोंडावरचं हसू तसंच ठेवून, तो मराठीत म्हणाला, "गावभर बातम्या सांगत फिरायचं काम पहिल्यापासून तुम्हा लोकांचंच की रे. रक्तातच आहे. काठी गेली, कीबोर्ड आला."

खोलीत मराठी कळणारे आम्ही दोघंच.

मी हसलो.

लोरेटा शेजारीच उभी होती. राज्यभरातून रक्ताचे, थुंकीचे, पाण्याचे नमुने आमच्या लॅबकडं येतात. ते उतरवून घेणारी खोली बेसमेंटमध्ये आहे, आणि ती खोली लोरेटा चालवते. केकचा घास तोंडात धरून तिनं मला विचारलं, "काय म्हणाला तो?"

मी म्हणालो, "म्हणतोय, हे काम आमच्या घराण्यातच आहे."

"ऑ! किती गोड!" तिनं माझा दंड दाबला. आणखी दोघं-तिघं 'ऑ' म्हणाले. डॉक्टर केकवरून माझ्याकडं बघत होता. शिवी त्यानं दिली, आणि तिच्यावर साखर मी पेरली. हा माणूस आपल्या कामाचा आहे, हे त्याला त्या क्षणी कळलं असणार.

त्याला माझं मूळ कळलं कसं? मीच सांगितलं. दोन हिवाळ्यांपूर्वी माझी गाडी बर्फात अडकली होती, त्यानं लिफ्ट दिली. हीटर चालू, कुणाची तरी नाट्यगीतं लावलेली. "गाव कुठलं?" सांगितलं. "आडनाव गावावरनं पडलेलं दिसतंय. त्याआधी काय लावायचात?" मी टाळलं. "वडील काय करायचे?" शेती म्हणालो. "स्वतःची?" असा एकेक पाय मागं घेत मी भिंतीला टेकलो. आणि मग वाटलं, अरे, आता कशाला लपवायचं? अमेरिकेत आहोत. दोघंही एकाच मुलखातून इथल्या बर्फापर्यंत आलेली माणसं. म्हणालो, "बा येसकर होता."

"अच्छा," तो म्हणाला. नाट्यगीताचा आवाज थोडा वाढवला.

त्या दिवसापर्यंत मी त्याला 'तुम्ही' होतो. दुसऱ्या दिवसापासून 'तू'.

येसकर म्हणजे काय ते आता सगळ्यांना माहीत नसेल. गावाचा सांगकाम्या. घोंगडी खांद्यावर, घुंगरू लावलेली काठी हातात. दवंडी त्यानं द्यायची. गावात कुणी मेलं की पाहुण्यांच्या गावी चालत जाऊन मयताची खबर त्यानं द्यायची, ऊन असो की चिखल. अंगणापर्यंत जायचं, उंबऱ्याशी नाही. लांबून हाळी द्यायची, मजकूर सांगायचा, तसाच सांगायचा. मग कुणीतरी वरून भाकरी टाकायचं, ती घोंगडीत झेलायची. पाणी मागायचं नाही.

बानं हे काम एका दुपारी टाकलं. पाटलाची म्हातारी गेली होती. वाड्यासमोर बोलावणं आलं. बा गेला, काठी जमिनीवर आडवी ठेवली आणि म्हणाला, "तुमचं मयत तुम्ही सांगा."

त्याच काठीनं त्याला मारलं. घुंगरं तुटून पडली. महिन्याभरात आम्ही गाव सोडलं. तालुक्याला बा जिनिंगमध्ये हमाली करायला लागला. कापसाचा धुरळा छातीत भरून खोकत मेला, पण पुन्हा कुणाचा निरोप घेऊन गेला नाही. बानं टाकलेलं ते काम मी शिकलो, त्याची पदवी घेतली, अर्ज केला, मुलाखत दिली आणि मिळवलं.

पगार चांगला आहे. पार्किंग फुकट.

मग या वसंतात पाण्याचं प्रकरण झालं.

इमारतीच्या गरम पाण्याच्या पाइपांत लेजिओनेला सापडला. हा जंतू पाण्यात वाढतो. त्या पाण्याची वाफ, तुषार श्वासातून आत गेले की न्यूमोनिया होऊ शकतो. बेसमेंटच्या टोकाला पाण्याचा नमुना घेतला होता, तिथं तो भरपूर निघाला. आणि बेसमेंटमध्ये लोरेटाची माणसं नमुन्यांचे कूलर गरम पाण्याच्या फवाऱ्यानं धुतात. दिवसभर.

सहाव्या मजल्यावर दुपारपर्यंत तोंडातोंडी सगळ्यांना कळलं. नळांना टेप लागली. पाण्याच्या बाटल्यांचे खोके आले. सूचना लिहायला मला बोलावलं. मी सरळ लिहिली होती. काय सापडलं, कुठं, फवारा बंद ठेवा, ताप-खोकला आला तर दवाखान्यात हे सांगा.

डॉक्टरनं स्क्रीन स्वतःकडं वळवून घेतली आणि एकेक ओळ खोडत गेला. जंतूचं नाव गेलं. फवारा गेला. ताप गेला. उरलं एवढंच : 'गरम पाण्याच्या यंत्रणेची नियमित देखभाल सुरू आहे. सहकार्याबद्दल आभार.'

"ईमेल नको," तो म्हणाला. "इंट्रानेटवर टाक. देखभालीचं पान आहे ना, तिथं."

"सर, बेसमेंटमध्ये ते पान कुणी उघडत नाही. सफाईवाल्यांना तर लॉगिनच नाही."

"टाकलं म्हणजे कळवलं. दुसरी टेस्ट येऊ दे. लोकांना आपण पाणी कसं वापरायचं ते शिकवतो आणि आपल्याच पाइपात घाण? पेपरवाले फाडून खातील."

"पण सर…"

"सांगितलं तेवढंच सांगायचं. तुझा बाप काय मजकूर बदलायचा का?"

मी टाकलं. शुक्रवारी दुपारी, त्याच पानावर.

पुढचं लिहायला माझा हात उचलत नाही, तरी लिहितो. पार्किंगकडं जायचा रस्ता बेसमेंटमधून आहे. लोरेटा प्लास्टिकचा एप्रन बांधून कूलर धूत होती. वाफेनं तिचा चष्मा भरला होता. तिनं तो कपाळावर सरकवला आणि ओरडली, "वीकेंड मजेत घालव, हनी!" मी हात हलवला. आणि श्वास रोखला. भिंतीच्या कडेनं, अंग चोरून, श्वास रोखून दारापर्यंत गेलो.

ज्या माणसाची सावली पडू नये म्हणून लोक अंग चोरायचे, त्याचा मी मुलगा. कसं चोरायचं ते मला बरोबर येत होतं.

पुढच्या आठवड्यात लोरेटा कामावर आली नाही. तिच्या हाताखालचा मार्कस शुभेच्छांचं कार्ड घेऊन माझ्या टेबलाशी आला. "हॉस्पिटलमध्ये आहे. न्यूमोनिया. औषध लागू पडत नाहीये म्हणे. सही कर ना, आणि पत्रकात दोन ओळी टाकशील? तिला तू आवडतोस."

त्याच्यामागं डॉक्टर उभा होता. मार्कसच्या खांद्यावर हात ठेवून इंग्रजीत हळहळला. मार्कस गेल्यावर मराठीत म्हणाला, "टाक काहीतरी. फुलाबिलाचं चित्र टाक."

त्याला काय माहीत नव्हतं? तो डॉक्टर आहे. साधा न्यूमोनिया समजून दिलेलं औषध या जंतूवर चालेलच असं नाही, हे त्याला माझ्याआधीपासून माहीत. हॉस्पिटलवाल्यांनी वेगळी टेस्ट करायची तर कुणीतरी त्यांना पाण्याचं सांगायला हवं. सांगणार कोण? ज्याला माहीत आहे तो. ज्याला माहीत आहे तो फुलाचं चित्र शोधायला बसणार होता.

मी म्हणालो, "तुमचं फूल तुम्ही टाका."

"काय?"

"मी नाही टाकणार."

"जा, जेवून ये," तो हसत म्हणाला. "डोकं तापलंय तुझं."

मी जेवायला गेलो नाही. गाडीत बसून लोरेटाला फोन लावला. तिनं उचलला. आधी नुसता खोकला ऐकू आला, थेट जिनिंगमधला. मी सगळं सांगितलं. जंतूचं नाव दोनदा सांगितलं, तिच्याकडून म्हणवून घेतलं.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"मागच्या शुक्रवारपासून."

"तू माझ्यासमोरून गेलास."

"हो."

"मी तुला हनी म्हणाले."

"हो."

"नर्सला बोलावते. फोन ठेव. आणि इथं येऊ नकोस."

बरोबर आहे तिचं.

मग बेसमेंटमध्ये गेलो. जेवणाची वेळ. मार्कस आणि तिघं-चौघं डबे उघडून बसलेले, दोन सफाईवाल्या बायका, आणि आत सिंकपाशी फवाऱ्याचा आवाज. मी दारात उभा राहिलो. आयुष्यभर लिहूनच कळवत आलोय. मग आवाज निघाला तो माझा नव्हता, लांबून हाळी देणाऱ्या माणसाचा होता. पण मी लांब उभा राहिलो नाही. त्यांच्या टेबलापाशी जाऊन बोललो. पाण्यात हे आहे. या दिवशी सापडलं. वर सगळ्यांना माहीत आहे. तुम्हाला सांगायचं काम माझं होतं, मी सांगितलं नाही. लोरेटाला आत्ता सांगितलंय. फवारा बंद करा.

आत फवारा बंद झाला.

कुणीतरी वर कळवलं असणार. लिफ्ट उघडली, डॉक्टर आला. सगळ्यांकडं बघून तेच ते हसू हसला, आणि माझ्याजवळ येऊन मराठीत म्हणाला, "गेलास ना शेवटी जातीवर."

मार्कसनं विचारलं, "काय म्हणाला तो?"

डॉक्टर माझ्याकडं बघत होता. बिनधास्त. हा काहीतरी गोड सांगेल, अशी त्याची खात्री होती. खात्री मीच दिलेली.

मी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. 'जातीवर गेला' याला इंग्रजीत एक शब्द सापडला नाही म्हणून सगळं सांगितलं. काठी, घोंगडी, वरून टाकलेली भाकरी. केकच्या दिवशी तो काय म्हणाला होता तेही सांगितलं, आणि तेव्हा मी तुमच्याशी खोटं बोललो, हेही.

कुणी 'ऑ' म्हणालं नाही. सफाईवाल्यांपैकी वयस्कर बाई डॉक्टरकडं नुसती बघत राहिली. त्यानं लिफ्टचं बटन दाबलं. लिफ्ट येईना. परत दाबलं. माझं सांगणं चालूच होतं, आणि त्याला पहिल्यांदाच ते थांबून ऐकावं लागत होतं.

बेसमेंटच्या नळांना त्याच दुपारी टेप लागली. माझ्यावर चौकशी बसली आहे, वरिष्ठांची परवानगी न घेता माहिती दिली म्हणून. डॉक्टर त्याच खुर्चीत आहे. लोरेटा बरी होऊन कामावर आली. तिला काय झालं होतं तो रिपोर्ट तिचा आहे, तो सांगायचा हक्क मला नाही. ती माझ्याशी बोलत नाही. मी समोरून गेलो तर पाठ फिरवते. माफी मागायला मी तिला गाठत नाही. तेवढंही ओझं तिच्यावर कशाला?

पण आता माझं ठरलंय. या खात्यातली कुठलीही धोक्याची खबर आधी बेसमेंटला जाईल, मग सहाव्या मजल्याला. मी स्वतः खाली जाऊन, उभा राहून सांगेन. कुणी माझ्या स्क्रीनला हात लावणार नाही. नोकरी गेली तर पार्किंगच्या गेटवर उभा राहून सांगेन.

आणि डॉक्टर, तुम्ही माझ्याशी मराठीत जे काही बोलाल, तेही सगळ्यांना कळवीन. मजकूर न बदलता.