सिरिंज भरणारा आत थांबत नाही

हार्टच्या ऑपरेशन थिएटरमध्ये त्याला सगळे भूलमामा म्हणायचे. डॉक्टर नव्हता तो, भूल देणाऱ्या मॅडमचा टेक्निशियन होता. सव्वीस वर्षं मशीन तपासली, नळ्या जोडल्या, मॉनिटरवरचे आकडे लिहिले. पण त्याचं खरं काम वेगळंच. पेशंट टेबलावर आडवा झाला आणि भीतीने पांढराफटक पडला, की हा उशाशी जायचा, कानाशी वाकायचा आणि विचारायचा, "घरी गेल्यावर पहिलं काय करणार?" पेशंट सांगायला लागायचा आणि अर्ध्या वाक्यात झोपून जायचा.

ती अर्धी वाक्यं घरी बायकोसाठी असायची.

"आजच्या आजी म्हणाल्या, गेल्या गेल्या सुनेला सांगणारे की..."

"की माझं कपाट का उघडलंस!" बायको वाक्य पुरं करायची आणि दोघं पोट धरून हसायची.

मग मॅडमनी एक अभ्यास काढला. झोपवायची दोन औषधं, प्रोपोफॉल आणि एटोमिडेट. हार्टच्या पेशंटला कुठलं बरं? पहिल्याने झोप झकास लागते, पण बीपी धाडकन पडू शकतं. दुसऱ्याने बीपी टिकतं, पण हातापायांना झटके येतात आणि ताण सोसायची शरीराची ताकद काही तास मंदावते. दोन्ही दुधासारखी पांढरी. कुणाला कुठलं ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार. शेजारच्या खोलीत सिस्टर पाकीट फोडणार, सिरिंज भरणार, वर फक्त नंबर चिकटवून खिडकीतून देणार. आणि झोपवताना आत पाऊलही टाकणार नाही, कारण तिच्या तोंडावरून मॅडमना कळलं तर सगळी मेहनत पाण्यात. मामा मात्र उशाशीच.

पण मामाला डोळे होते ना. शंभरेक पेशंटचं बीपी त्यानेच लिहिलेलं. झटके आले की तो मनात ओळखायचा, हे एटोमिडेट, हा सुखरूप. पडलेला प्रत्येक आकडा त्याच्या छातीत रुतून बसलेला. मॅडमचा निकाल यायचा होता, याचा कधीच लागला होता.

आणि मग बायकोचीच झडप खराब निघाली. हार्ट आधीच दमलेलं. अभ्यासाच्या कागदावर तिने हसत सही केली. "होऊ दे तुमच्या मॅडमचं काम. पण अहो, उशाशी तुम्हीच असाल ना? मी मात्र अख्खं वाक्य बोलूनच झोपणार, सांगून ठेवते!"

"असेन गं."

सकाळी त्याने मॅडमना गाठलं. "आज सिरिंज मी भरतो."

"वेडे आहात का? आज तर तुम्ही तिच्याजवळ हवेत."

"नाही हो बघवणार मला. हात थरथरतील. काहीतरी काम द्या फक्त."

मॅडमना त्याची दया आली. त्यांनी हो म्हटलं, तिथेच चुकलं.

चिठ्ठीत प्रोपोफॉल होतं. त्याने एटोमिडेट भरलं. हात जराही थरथरला नाही. नंबर चिकटवला, खिडकीतून सिरिंज दिली आणि स्टुलावर बसून राहिला. भिंतीपलीकडे बायको होती. आपण तिला वाचवतोय, असंच वाटत होतं त्याला.

ऑपरेशननंतर तिच्या हार्टने जोरच धरला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. डोळे उघडलेच नाहीत तिने.

आठवड्याने मामा मॅडमसमोर उभा राहिला आणि सगळं ओकून टाकलं. मॅडमनी अभ्यासाची फाईल पुढे ओढली.

"कमिटीला कळवावं लागेल मामा. तुमच्यावर कारवाई होईल."

"होऊ दे. मी मारलं का तिला?"

"नाही. तिच्या हार्टचा स्नायूच थकला होता. चिठ्ठीतलं औषध दिलं असतं आणि बीपी पडलं असतं, तरी ते वर आणायचं औषध माझ्या हातात तयार होतं. त्यासाठीच तर मी तिथे असते ना!"

"म्हणजे मी बदललं त्याने..."

"काहीच फरक पडला नाही."

यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. फरकच पडला नाही! मग तिच्या उशाशी असायची ती पाच मिनिटं त्याने कशापायी घालवली?

बाहेर सिस्टर भेटली. त्या दिवशी त्याच्या जागी उशाशी तीच होती, म्हणून तिच्यापासून तो आठवडाभर पळत होता. आज त्याने विचारलंच, झोपताना ती काय म्हणाली?

"दारावर डोळे होते वहिनींचे," सिस्टर म्हणाली. "मी हात धरला तर म्हणाल्या, बघा कसा माणूस, जगाला झोपवतो आणि माझ्या वेळी दडी मारून..." सिस्टरने त्याच्याकडे पाहिलं. "एवढंच, मामा. तिथेच झोप लागली. हसत होत्या."

घरी लेक आली होती. ओट्याशी उभी राहून डाळीला फोडणी घालत होती. न वळताच म्हणाली, "बाबा, मला एकाच गोष्टीचं समाधान आहे. झोपताना आईजवळ तुम्ही होतात."

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पोरगी तेवढ्यावरच तग धरून होती.

"नव्हतो गं मी," तो म्हणाला.

आणि सगळं सांगितलं. पाकीट, सिरिंज, स्टूल, सगळं. ती ओरडेल असं त्याला वाटलं. तिने फक्त गॅस बंद केला.

"मग हात कुणी धरला होता तिचा?"

"सिस्टरने."

लेकीने पदराला हात पुसले, पायात चपला अडकवल्या. "मला भेटायचंय त्यांना. आत्ता. आणि बाबा, तुम्ही येऊ नका."